सुटा तरंगता बर्फ एवढ्या मोठ्या हिमनदीला कसा काय थोपवतो?

प्रश्न नागपूरच्याच एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "ग्रीनलंडचा एक व्हिडिओ पाहिला. हिमनदीच्या तोंडाशी फ्योर्डमध्ये तरंगणारे बर्फाचे तुकडे तिला रोखून धरतात असं त्यात म्हटलं होतं. किलोमीटरभर जाडीच्या हिमनदीला पाण्यावरचा चुरा कसा रोखणार? तो वितळला तर अख्खी हिमनदी कोसळेल का? आणि शाळेत तर शिकलो की तरंगणारा बर्फ वितळून पाण्याची पातळी वाढत नाही. मग एवढा गाजावाजा काहून?"

'काहून' वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी माझी पात्रता आणि तिची हद्द. मी भूवैज्ञानिक, आता निवृत्त. नोकरीचा बराच काळ मध्य भारतातल्या खडकांत गेला. मधली काही वर्षं बर्फाकडे वळलो. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर आपलं 'हिमाद्री' हे संशोधन स्थानक आहे, तिथे दोन उन्हाळे काढले. बाकीचं काम इथेच, मे महिन्यात कूलरसमोर बसून. बाहेर ४६ अंश, वाळ्याच्या ताटीचा ओला वास, आणि पडद्यावर ग्रीनलंडचा गोठलेला समुद्र. म्हणजे मी मुख्यतः उपग्रहाच्या रडार प्रतिमा वाचणारा माणूस. समीकरणं मांडून संगणकावर हिमनदी चालवणारे लोक वेगळे. त्यांचं मी वाचतो, त्यांच्याशी भांडतो, पण त्यांच्यातला नाही.

तुमचा प्रश्न मला दोन प्रश्नांची गाठ वाटतो, आणि व्हिडिओ बनवणाऱ्यानेच ती मारून ठेवली आहे. 'रोखतो' म्हणजे नेमकं कोणाला रोखतो? मागून येणाऱ्या बर्फाच्या प्रवाहाला, की तोंडाशी तडकून सुटायला आलेल्या एका तुकड्याला? पहिलं काम तरंगता बर्फ जवळपास करत नाही. दुसरं मात्र तो करतो, आणि चांगलं करतो. ही गाठ सुटली की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

थोडं शब्दांबद्दल. हिमनदीचा पुढचा भाग तुटून पाण्यात सुटतो त्याला इंग्रजीत गाय व्याल्याचाच शब्द आहे, काव्हिंग. म्हणजे हिमनदी व्यायली आणि हिमनग हे तिचं वासरू. मला ते आवडतं, पण मराठीत आपण 'हिमनग सुटला' म्हणू. फ्योर्ड म्हणजे हिमनदीनेच पूर्वी कोरलेली आणि आता समुद्राने भरलेली खोल, अरुंद खाडी, दोन्ही बाजूंना उभे कडे. तिच्यात हिमनदीपुढे जे साचतं ते एकजिनसी नसतं. इमारतीएवढे हिमनग, ट्रकएवढे, टेबलाएवढे, मुठीएवढे, आणि त्यांच्या फटींत गोठलेलं समुद्राचं पाणी आणि वरून पडलेला हिम. शास्त्रज्ञ याला 'मेलांज' म्हणतात. फ्रेंच शब्द, अर्थ सरमिसळ. मी माझ्या वहीत त्याला 'काला' लिहायचो. दही, पोहे, लोणचं एकत्र कालवलं की गोपाळकाल्यात जसं कशात काय ते वेगळं काढता येत नाही, तसंच ते दिसतं. इथेही कालाच म्हणतो.

त्याला 'चुरा' म्हणू नका, हे मात्र आवर्जून सांगतो. हिमनदीच्या बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो आणि समुद्राच्या पाण्याची १०२५. म्हणजे दर दहा भागांतले नऊ पाण्याखाली. व्हिडिओत दिसतो तो वरचा दहावा भाग. पश्चिम ग्रीनलंडच्या इलुलिसात फ्योर्डमध्ये, जिथे याकोब्सहाव्न ही हिमनदी उतरते, काल्यातले मोठे हिमनग शेकडो मीटर जाड असतात. फ्योर्डच्या तोंडाशी समुद्रतळाचा एक उंचवटा आहे, त्यावर ते अक्षरशः अडकून बसतात. २००४ पासून हा फ्योर्ड जागतिक वारसा यादीत आहे. उत्तर ग्रीनलंडच्या काही फ्योर्डांत तर काला वर्षानुवर्षं फुटतच नाही. त्यावर हिम साचत जातो आणि तो हिमनदीच्याच बर्फासारखा दिसायला लागतो. तिथल्या लोकांच्या भाषेत त्याला स्वतंत्र शब्द आहे, सिकुस्साक.

आता हिशेब. तुमच्या शंकेत तथ्य आहे हे त्यातूनच दिसेल.

समजा हिमनदीचं तोंड १००० मीटर जाड आहे आणि नुकतंच तरंगू पाहतंय, म्हणजे सुमारे ८९५ मीटर पाण्यात. बर्फ आपल्या वजनाने पुढे ढकलतो, समोरचं पाणी मागे ढकलतं. दोन्हींची वजाबाकी केली तर तोंडाच्या दर मीटर रुंदीमागे सुमारे ४८ हजार टन वजनाइतका जोर शिल्लक राहतो. हा मी कागदावर केलेला साधा हिशेब आहे. अकरावीच्या द्रवदाबाच्या धड्यातून तुम्हालाही करता येईल. आणि काला उलट किती जोर लावतो? घट्ट जमलेल्या हिवाळी काल्यासाठी वेगवेगळ्या अभ्यासांत येणारा आकडा मीटरला एक कोटी न्यूटनच्या आसपासचा आहे, म्हणजे सुमारे हजार टन. ४८ हजारांपुढे एक हजार. जेमतेम दोन टक्के.

दोन टक्क्यांनी कोणतीही नदी थांबत नाही. हिमनदी मागून येतच राहते. वेगात थोडा फरक पडतो, तोही तोंडाजवळच्या काही किलोमीटरमध्ये. मग त्या हजार टनांचा उपयोग काय?

घरातलं लोखंडी कपाट आठवा. घर बदलताना ते पुढे कलायला लागलं की पहिल्या इंचाला एका हाताच्या टेकूने ते उभं राहतं. फूटभर कललं की मग चार माणसं असली तरी बाजूला व्हायचं. टेकूने कपाटाचं वजन पेललेलं नसतं, त्याने फक्त कलण्याची सुरुवात होऊ दिलेली नसते.

हिमनदीच्या तोंडाशी हेच चाललेलं असतं. तडा आरपार गेला की जो तुकडा वेगळा होतो तो पुष्कळदा उंच आणि अरुंद असतो. उंची १००० मीटर, आणि प्रवाहाच्या दिशेने रुंदी ३००-४०० मीटर. एवढी अरुंद वस्तू पाण्यात उभी तरंगू शकत नाही, तिला आडवं व्हायचं असतं. याकोब्सहाव्नसारख्या ठिकाणी बहुधा तुकड्याचा तळ पुढे सरकतो आणि माथा मागे हिमनदीवर रेलतो. पण आडवं व्हायचं तर जागा हवी. उभा असताना ४०० मीटर जागा घेणारा तुकडा आडवा झाल्यावर १००० मीटर घेणार, म्हणजे समोरचा काला निदान सहाशे मीटर मागे रेटावा लागणार. काला सैल असेल तर तो रेटला जातो. घट्ट असेल तर तुकडा तडकलेला असूनही जागच्या जागी उभा राहतो आणि हिमनदीबरोबर पुढे सरकत राहतो. तुटलेला, पण सुटलेला नाही. कलण्याची सुरुवात रोखायला लागणारा जोर प्रवाहाच्या रेट्यापुढे अगदी थोडा असतो. तिथे हजार टन पुरतात.

एकदा का तुकडा फिरला की प्रकरण भयंकर असतं. एवढा बर्फ काही मिनिटांत कूस बदलतो, तेव्हा तो हिमनदीला मागे धक्का देतो आणि जमीन हलते. याला हिमनदीचे भूकंप म्हणतात, तीव्रता पाचच्या आसपास. ते वैज्ञानिकांच्या लक्षात आले २००३ मध्ये, कारण त्यांचे धक्के इतके संथ असतात की नेहमीचे भूकंप शोधण्याच्या पद्धतीतून ते निसटत होते. खडकांच्या भूकंपांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता: तरंगणाऱ्या तुकड्यांकडे हजार टन जोर तरी येतो कुठून? त्यांच्या मागे तर मोकळा समुद्र.

येतो फ्योर्डच्या भिंतींकडून. घरी करून बघा. इंचभर व्यासाचा पीव्हीसी पाईपचा दोन-तीन फूट तुकडा घ्या, आडवा धरा. त्यात दोन इंच लांबीचे कोरडे तांदूळ भरा आणि एका बाजूने पाईपमध्ये जेमतेम बसेल अशा दांड्याने ढकला. सहज सरकतील. आता फूटभर तांदूळ भरून ढकला. दुसरं तोंड उघडं असूनही हलणार नाहीत. जितकं जोराने ढकलाल तितके दाणे एकमेकांवर आणि भिंतीवर रुततात, आणि भिंतीचं घर्षण वाढतं. जोर सरळ पुढे जाण्याऐवजी कमानी करून भिंतींत उतरतो. कणगीच्या तळाशी धान्याचा दाब उंचीच्या प्रमाणात वाढत का नाही, याचंही कारण हेच. मी हे नातीला दाखवलं तेव्हा तिने पाईप उभा करून आपटला, सगळे तांदूळ खाली पडले, आणि "यात काय मोठं" म्हणाली. तेही बरोबरच आहे. हादरा बसला की कमानी मोडतात.

मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी नागपुरात इतवारीच्या गल्लीत अडकलेल्या माणसाला हे तांदळाशिवायही कळेल. पुढचा कोणी मुद्दाम अडवत नाही, पण दोन्ही बाजूंच्या घरांना टेकलेली गर्दी एका जागी कुलूप लागल्यासारखी थांबते. तीच गर्दी मोकळ्या मैदानात कुणालाच थांबवू शकत नाही.

म्हणून काल्याची ताकद त्याच्या लांबीवर आणि फ्योर्डच्या रुंदीवर ठरते, दोन्हींच्या गुणोत्तरावर. अरुंद, लांब, वाकडा फ्योर्ड असेल तर काला जबर. रुंद उघडी खाडी असेल तर तोच बर्फ निरुपयोगी. दुसरी गोष्ट जाडी. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत नाजूक, ती फटींमधला समुद्रबर्फ. हिवाळ्यात तो सरसासारखं काम करतो, सगळे हिमनग एकमेकांना चिकटवतो. उन्हाळ्यात सरस गेला की उरतात नुसते तांदूळ.

याकोब्सहाव्नवर हे वर्षाच्या चक्रात स्वच्छ दिसतं. हिवाळ्यात काला घट्ट होतो, हिमनग सुटणं जवळपास थांबतं, आणि मागून प्रवाह चालूच असल्याने हिमनदीचं तोंड काही किलोमीटर पुढे येतं. वसंतात काला सैल होतो आणि महिन्याभरात हे कमावलेलं सगळं परत जातं. मी जेव्हा पहिल्यांदा वर्षभराच्या प्रतिमा ओळीने लावून पाहिल्या तेव्हा तोंड श्वास घेतंय असं वाटलं होतं.

इथे एक वाद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. काला सैल झाला म्हणून हिमनग सुटतो, की हिमनग सुटू लागला म्हणून काला विस्कटतो? आधी बी की आधी झाड. उपग्रह दर काही दिवसांनी एकदाच येतो, त्याला हे सांगता येत नाही. याकोब्सहाव्नवर काठावरच्या खडकावर रडार ठेवून दर काही मिनिटांनी मोजणाऱ्यांना असं दिसलं की मोठा तुकडा सुटण्याआधी, कधीकधी तासभर आधीपासून, काल्यातल्या हालचालीतला मेळ बिघडतो. एकत्र सरकणारे तुकडे आपापल्या दिशेला जाऊ लागतात. माझा कल त्यामुळे 'आधी काला' या बाजूला आहे. पण ऋतूच्या पातळीवर दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. हवा तापते, पाणी तापतं, वितळपाणी वाढतं. त्यातून एकट्या काल्याचं श्रेय वेगळं काढणं अवघड आहे. कोणी छातीठोकपणे टक्केवारी सांगितली तर त्याला विचारा, कोणत्या हिमनदीची आणि कोणत्या वर्षाची.

कारण सगळीकडे काला महत्त्वाचा असतोच असं नाही. हिमाद्री ज्या कोंग्सफ्योर्डच्या काठी आहे तिथे मी क्रोनेब्रेन ही हिमनदी पाहिली. दिवसाला साधारण दोन मीटर सरकणारी, स्वालबार्डच्या मानाने फार वेगवान. पण तो फ्योर्ड २००६ पासून बहुतेक हिवाळ्यांत पूर्वीसारखा गोठतच नाही, अटलांटिकचं उबदार पाणी आत येतं. तोंडापुढे उन्हाळ्यात बर्फाचे लहान तुकडे तरंगतात खरे, पण ते कोणालाच अडवत नाहीत. तिथे हिमनग किती सुटणार हे मुख्यतः समुद्राचं तापमान ठरवतं. पाणी तळाशी खाच पाडतं आणि वरचा बर्फ कोसळतो. बोटीने जाताना आम्ही कड्यापासून भरपूर अंतर राखायचो. कडा कोसळला की आवाज आधी नाही, पाणी आधी हलताना दिसतं.

तिथेच एक गोष्ट शिकलो जी प्रतिमांतून शिकलो नसतो. कड्याच्या एका ठरावीक भागासमोर किटिवेक पक्ष्यांचे थवेच्या थवे घिरट्या घालत होते. कारण हिमनदीच्या तळातून येणारं वितळपाणी तिथे वर उसळतं आणि खालचे जीव वर आणतं. नंतर ग्रीनलंडच्या प्रतिमांत काल्यात मध्येच पडलेली काळी, मोकळी अर्धवर्तुळं दिसली की मला ते पक्षी आठवायचे. तेच उसळणारं पाणी काल्याला तोंडापासून दूर ढकलतं, आणि नेमक्या त्या ठिकाणचा टेकू जातो.

पूर्व ग्रीनलंडच्या कांगेर्लुसुआक हिमनदीवर याचा हिवाळी प्रकार दिसला. २०१६-१७ आणि २०१७-१८ या दोन हिवाळ्यांत समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा उबदार होतं, काला घट्ट जमलाच नाही, हिमनग हिवाळ्यातही सुटत राहिले आणि तोंड पाचेक किलोमीटर मागे गेलं. उन्हाळा नेहमीचाच असूनही हिवाळ्याची विश्रांती हुकली की काय होतं, याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमचा दुसरा भाग: काला गेला तर हिमनदी कोसळेल का? बहुतेक हिमनद्यांच्या बाबतीत, नाही. तोंड मागे हटेल. किती आणि कुठवर, हे काला ठरवत नाही, हिमनदीखालची जमीन ठरवते. तळ आत आत वर चढत जात असेल तर तोंड थोडं हटून उथळ जागी टेकतं आणि थांबतं. तळ आत आत खोल होत गेला तर मात्र उलटं. जितकं मागे, तितकी जाडी जास्त, तितका वाहून जाणारा बर्फ जास्त. अलास्काची कोलंबिया हिमनदी शतकभर एका उंचवट्यावर टेकून होती. १९८० च्या सुमारास तिथून सुटली आणि वीस किलोमीटरहून जास्त मागे गेली. त्या सगळ्या काळात तिच्यापुढे हिमनगांची कमी नव्हती.

याकोब्सहाव्नचंच पाहा. तिच्यापुढे सुमारे १५ किलोमीटर लांबीची तरंगती जीभ होती. काला नव्हे, हिमनदीचाच अखंड भाग. १९९८ ते २००३ मध्ये ती तुटली आणि वेग जवळपास दुप्पट झाला, वर्षाला साडेपाच-सहा किलोमीटरवरून साडेबारापर्यंत. २०१२ च्या उन्हाळ्यात तोंडापाशी तो वर्षाला १७ किलोमीटरच्या दराने मोजला गेला, म्हणजे दिवसाला ४६ मीटर. आणि मग २०१६ नंतर ती मंदावली, जाडही झाली, कारण फ्योर्डबाहेरच्या डिस्को उपसागरातून येणारं पाणी थंड झालं. अशी वळणं पाहिल्यावर 'आता कोसळणारच' असं म्हणायची माझी हिंमत होत नाही, आणि 'आता वाचली' असंही नाही.

वरच्या परिच्छेदात जीभ आणि काला हा भेद केला तो नीट लक्षात ठेवा. भिंतींना घट्ट बसलेली अखंड जीभ प्रवाहाला खरोखर मागे रेटते. काला सुटत्या तुकड्याला धरतो. कधीकधी काला जिभेला धरतो आणि जीभ प्रवाहाला. ही साखळी अंटार्क्टिकात लार्सन बी भागात दिसली. २००२ मध्ये तिथला हिमनद्यांना जोडलेला, समुद्रावर तरंगणारा ३२५० चौरस किलोमीटरचा हिमपट्टा काही आठवड्यांत फुटला आणि मागच्या हिमनद्या धावत सुटल्या. २०११ मध्ये त्याच खाडीत समुद्रबर्फ गोठला आणि तब्बल अकरा वर्षं टिकला. त्याच्या आडोशाने हिमनद्यांच्या तरंगत्या जिभा पुन्हा वाढल्या. जानेवारी २०२२ मध्ये तो काही दिवसांत फुटून गेला, पाठोपाठ जिभा गेल्या, आणि हेक्टोरिया ही हिमनदी साधारण सव्वा वर्षात २५ किलोमीटर हटली. त्यातले आठेक किलोमीटर नुसत्या दोन महिन्यांत. तो आठ किलोमीटरचा बर्फ जमिनीवर टेकलेला होता की तरंगत होता यावर अजून भांडण चालू आहे.

नंतर संगणकावर तपासणाऱ्यांनी दाखवलं की त्या समुद्रबर्फाचा प्रवाहावरचा थेट जोर नगण्य होता. वेग वाढला तो जिभा तुटल्यामुळे. काही जणांनी यावरून 'बघा, समुद्रबर्फाने काहीच रोखलं नव्हतं' असा निष्कर्ष काढला. मला तो पटत नाही. कपाटाला लावलेल्या हातानेही वजन पेललेलं नव्हतंच. लाटा जिभांपर्यंत पोचू न देणं आणि तडकलेले तुकडे जागी ठेवणं हेच त्याचं काम होतं.

मोठी भीती पश्चिम अंटार्क्टिकाबद्दल आहे. पाण्यावर सुमारे शंभर मीटरहून उंच बर्फाचा उभा कडा स्वतःच्या वजनाने मोडू शकतो, आणि तो मोडला की मागे आणखी उंच कडा उघडा पडतो, अशी मांडणी आहे. २०२१ च्या काही संगणकी प्रतिमानांत (मॉडेलांत) असं आलं की तुटलेल्या बर्फाचाच काला समोर साचला आणि थोडा जरी जोर लावू लागला, तर ही साखळी मंदावते किंवा थांबते. पण तिथल्या खाड्या इलुलिसातसारख्या अरुंद नाहीत, रुंद आहेत. तांदूळ आहेत, पाईप नाही. ग्रीनलंडवरून अंटार्क्टिकाबद्दल बोलताना मी तरी जपून बोलतो.

शाळेतला नियम. तो बरोबर आहे. ग्लासातला बर्फ वितळून पाणी सांडत नाही. समुद्र खारा आणि हिमनग गोड्या पाण्याचा, म्हणून अगदी किंचित फरक पडतो, तो सोडून देऊ. पण काला वितळल्याने समुद्र वाढतो असं कोणी म्हणतच नाही. काला गेल्यावर जमिनीवर टेकलेला बर्फ पाण्यात उतरतो, तो ग्लासात बाहेरून टाकलेला नवा खडा. असा बर्फ एकट्या ग्रीनलंडवर इतका आहे की सगळा उतरला तर जगभराचा समुद्र सात मीटरच्या वर चढेल, अर्थात शेकडो-हजारो वर्षांच्या हिशेबात. आणि 'मग समोर जाळी किंवा बांध घालून काला अडवावा का' असं पुढचं कोणीतरी विचारणारच. फ्योर्डच्या तोंडाशी समुद्रतळावर बांध घालून उबदार पाणी अडवायचे प्रस्ताव गंभीर लोकांनी मांडलेत. हिमनगांसमोर जाळी मात्र विसरा, ५०० मीटर जाडीचा हिमनग जाळीला विचारत नाही.

स्वतः पाहायचं असेल तर सोपं आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमा २०१४ पासूनच्या फुकट मिळतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला आपला आणि नासाचा निसार उपग्रहही दर बारा दिवसांनी तीच जागा पाहतो. रडारच घ्या, साधा फोटो नको. ग्रीनलंडच्या हिवाळ्यात तिकडे अंधार असतो आणि उन्हाळ्यात ढग.

इलुलिसातच्या फेब्रुवारीतल्या लागोपाठच्या दोन प्रतिमा घ्या आणि जूनमधल्या दोन. प्रत्येक जोडीत काल्यातले दहा ठळक हिमनग ओळखून ते कुठून कुठे गेले ते बाणांनी दाखवा. फेब्रुवारीत सगळे बाण एकाच दिशेला, जवळपास एकाच लांबीचे येतील. तो घट्ट काला. जूनमध्ये निम्मे हिमनग दुसऱ्या प्रतिमेत सापडणारच नाहीत आणि सापडलेले इकडेतिकडे गेलेले असतील.

अडेल ते हिमनदीचं तोंड नेमकं कुठे आहे हे ओळखताना. माझंही अडलं होतं. पहिल्या वर्षी मी एका हिवाळ्यात तोंड तीन किलोमीटर पुढे आल्याची नोंद केली, अहवालात आकृतीही घातली. एका तरुण सहकाऱ्याने उन्हाळ्याची प्रतिमा वर ठेवून विचारलं, "सर, ही भेग इथे कशी?" मी ज्याला हिमनदी समजत होतो तो गच्च जमलेला काला होता, रडारवर दोन्ही सारखेच चमकत होते. त्यानंतर मी नियम केला: हिवाळ्यात तोंडाची रेघ प्रतिमेवर सरळ ओढायची नाही. आधी भेगा शोधायच्या. हिमनदीवरच्या भेगा एकमेकींना समांतर असतात आणि महिनोन्महिने आपली ओळख टिकवतात. काल्यात असा कोणताच क्रम नसतो. जिथे समांतर भेगा संपतात तिथे पेन्सिलने फिकट रेघ ओढा आणि मेच्या प्रतिमेची वाट पाहा. ती रेघ किती चुकली ते मे सांगेल.